खिंडीतला दुसरा माल

उरायासुच्या आमच्या इमारतीत कुरिअरवाला येतो तो धावत येतो. लिफ्ट असली तरी लिफ्टपासून दारापर्यंत धावतो. अण्णांना याचं फार कौतुक. सकाळी दहाच्या सुमाराला ते गॅलरीत उभे राहायचे आणि खाली त्याची गाडी लागली की मला हाक मारायचे, "दत्ता, आला बघ तुझा पळणारा."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर. तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते आणि त्यातले दहाएक दिवस उरले होते. एकदा बायकोनं मागवलेली पेटी त्यांनी कुरिअरवाल्याच्या हातातून स्वतःच घेतली. तो बिचारा वाकून वाकून माफी मागायला लागला. अण्णांनी पेटी हातात जरा झुलवली आणि म्हणाले, "सात किलो. वर एक पाव." मी गंमत म्हणून वजनकाट्यावर ठेवली. सव्वासात.

अण्णा चाळीस वर्षं एसटी स्टँडवर हमाल होते. लाल शर्ट, दंडाला पितळी बिल्ला. सांगोल्याच्या गाडीतून माल उतरवायचा, जतच्या गाडीच्या टपावर चढवायचा. त्यांच्या मानेखाली लिंबाएवढी गाठ आहे, ती ओझ्याची. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि हे मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो. दुसरी गोष्ट मात्र सांगत नव्हतो. तोयोसुच्या ऑफिसात किंवा इथल्या मराठी घरांत कुणी विचारलं, वडील काय करायचे, तर मी म्हणायचो, "एसटीत होते." खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला साहेब वाटावेत इतपत सोय त्यात होती.

"गाड्या नव्हत्या तवा हितं माल कोण न्यायचं रं?" अण्णांनी एक दिवस विचारलं. मला माहीत नव्हतं. ऑफिसातल्या मोरिता-सानना विचारलं. ते निवृत्तीला आलेले, डोंगरातल्या गावचे. ते म्हणाले, टपालखातं पार्सलं घ्यायला लागलं त्याच्याही आधी डोंगरी रस्त्यावर माल माणसाच्या आणि घोड्याच्या पाठीवरून जायचा. दर दोन-तीन कोसांवर एक शुकुबा (मुक्कामाचं गाव). एका गावच्या माणसानं पुढच्या गावापर्यंतच न्यायचं. तिथं माल उतरवायचा, वजन करायचं, दुसऱ्याच्या अंगावर चढवायचा. सगळा रस्ता चालणारा माणूस एकही नाही, माल मात्र शेकडो मैल जायचा. "माझ्या आईच्या गावी मालाचं जुनं घर अजून आहे," ते म्हणाले. "वडिलांना दाखवा."

अण्णांना हे सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून हसले. "आरं, म्हंजी आमचंच की हे!"

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी पहाटेच निघालो. नागोयापर्यंत शिंकान्सेन (बुलेट ट्रेन), पुढे डोंगरातली गाडी, मग बस. बसमध्ये आम्ही दोघं आणि एक म्हातारा, तोही मधल्याच थांब्यावर उतरला. तिथून पुढे वीस मिनिटं रस्त्याला एकही माणूस दिसला नाही. घरं होती, घरांपुढे चांगले लावलेले मुळ्याचे वाफेही होते. माणूस नव्हता. अण्णा काचेतून बघत म्हणाले, "समदी कुठं गेल्यात?"

ज्या गावात उतरलो त्याला मी इथं कुराहारा म्हणतो आणि खिंडीपलीकडच्या गावाला तोचिसाका. खरी नावं लिहू नका, असं तिथल्या माणसांनी सांगितलं, आणि पुढचं वाचलंत की का ते कळेल.

मालाचं घर म्हणजे तोन्याबा (माल उतरवून पुढच्याच्या हवाली करायची जागा). पुढून सगळं उघडं, जमीन कंबरेइतकी उंच, घोड्याच्या पाठीवरून ओझं सरळ आत सरकवता यावं म्हणून. अण्णांनी त्या कडेला पाठ लावून बघितली आणि खूश झाले. "बरोब्बर उंची. बांधणारा आमच्यातला होता."

आत ओकुमुरा-सान नावाची ऐंशीच्या घरातली बाई होती. तिनं गोहेइमोची (भाताची काडीवर थापून भाजलेली वडी, वर अक्रोडाची गोडसर चटणी) दिली. अण्णांनी दोन खाल्ल्या आणि काड्या कुठल्या डब्यात टाकायच्या ते मला विचारलं. मग तिनं कोपऱ्यातून एक वेताची पेटी काढली. गवती दोरानं बांधलेली, दोराला लाकडी पाटी.

ती म्हणाली, दर शरदात एक ओझं खिंड पार करतं, एका वर्षी तोचिसाकाला, पुढच्या वर्षी तिथून इकडे. पूर्वी गावची माणसं नेत. आता गावात नेणारं कुणी उरलं नाही, म्हणून चालत जाणाऱ्यांना विचारते. सात किलोमीटर. न्याल का?

"आत काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. रिकामी आहे."

मी ते अण्णांना सांगितलं. ते उठलेच. त्यांनी पेटी झुलवली. "दोन किलो. वर एक पाव." ओकुमुरा-साननं ती जुन्या दांडीच्या काट्याला अडकवली, वजन सरकवलं, पाटीवर लिहिलेला आकडा मला दाखवला. सव्वादोन किलो. तिनं अण्णांकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

मग तिनं नियम सांगितले. मी तिच्या शेजारी बसून ऐकत होतो, अण्णा पेटीचा दोर तपासत होते. पहिला नियम, माल वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. दमलात तर काठीवर तोलून उभं राहायचं. तिनं त्यासाठी कंबरेपर्यंत येणारी जाड काठीही दिली. हे मी अण्णांना सांगितलं.

दुसरा नियम सांगताना तिचा आवाज खाली गेला. फार पूर्वी बर्फात एक माणूस घोडा घेऊन इथून निघाला, तो तोचिसाकाला पोचला नाही. माणूस, घोडा, माल, काहीच सापडलं नाही. पलीकडच्या वहीत त्याच्या मालाच्या पोचेची जागा अजून कोरी आहे. खिंडीत दगडापाशी कुणी भेटेल आणि विचारेल, मी घेऊ का? तर द्यायचा नाही. म्हणायचं, पुढच्या गावापर्यंत माझा आहे.

"आणि दिला तर?"

"दोघांनी दिला होता. ते खाली आले धडधाकट. पण घरात बसेनात. वर काहीतरी राहिलंय म्हणायचे आणि परत जायचे. शेवटच्या वेळी गेले ते आलेच नाहीत."

"काय म्हणत्यात बाई?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. जपून जा म्हणतात."

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टी आमच्या गावच्या ओढ्याबद्दलही सांगायचे. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यात कशाला घालायचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. दुसरा नियम मी गाळला.

शेवटी तिनं पावती भरायला घेतली. नेणाऱ्याचं नाव. वय. मग धंदा.

"बस कंपनीत होते," मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं. अण्णा पाठमोरे वाकून बूट घालत होते, मानेखालची गाठ कॉलरच्या वर आली होती. तिनं तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पावती घडी घालून पेटीच्या दोरात खोचली. मग पेटी उचलून माझ्या हातात न देता थेट अण्णांच्या पाठीमागे उभी राहिली. अण्णांनी न बघता खांदा खाली केला. तिनं ठेवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

"पाठीला पट्टे आहेत, अण्णा. सॅकसारखी घ्या की."

"ती पोरांची पद्धत," म्हणत त्यांनी गळ्यातल्या टॉवेलची चुंबळ केली.

वाट देवदारांतून चढत जाते. दर थोड्या अंतरावर खांबाला घंटा टांगलेली आहे. अस्वलांना कळावं की माणूस येतोय, म्हणून ती वाजवायची. पहिल्या घंटेपाशी अण्णा म्हणाले, "देवाची का?"

"अस्वलाची."

"मग जोरात वाजीव."

तीन घंटांपर्यंत ते मजेत होते. जुन्या गोष्टी सांगत होते. एकदा कुणीतरी कोंबड्यांची पाटी फुलांचा हार म्हणून लिहून पाठवली आणि टपावरून आरवलं, तेव्हा कंडक्टर कसा दचकला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला मात्र कधी हात लावू दिला न्हाई मालाला. तुझ्या मानंवर गाठ आली असती तर माझी हमाली फुकट गेली असती."

चौथ्या घंटेपाशी माझा फोन वाजला. शनिवार असून ऑफिसचा. तिथंच तेवढी रेंज होती, हललो असतो तर गेली असती. मी हातानं खूण केली, थांबा. अण्णांनी खूण केली, हळूहळू जातो. ओझेवाला थांबला की जड होतो, हे त्यांचं नेहमीचं. बोलणं दहा-बारा मिनिटं चाललं. फोन ठेवला तेव्हा धुकं उतरलं होतं.

एखादा पडदा ओढावा तसं ते झाडांमधून आलं होतं. पाचवी घंटा वाजल्याचं मी ऐकलं होतं का? आठवेना. मी भरभर चालायला लागलो. पाचव्या घंटेची दोरी ओलीगच्च होती, थेंब लोंबत होते. कुणी ओढली असती तर ते थेंब पडले असते.

मग वरून घंटा ऐकू आली. खांबावरची नव्हे. लहान, पावलागणिक हलणारी, जनावराच्या गळ्यातली असावी तशी. ती वरून खाली आली, माझ्या उजव्या अंगाला थोडा वेळ थांबली आणि पुन्हा चढत गेली. जनावर दिसलं नाही. घामाचा आणि ओल्या गवताचा वास मात्र आला.

खिंडीत पोचलो. कधीच मोडून गेलेल्या चहाच्या टपरीचा चौथरा, त्याच्यापुढे माणसाएवढा दगड. दगडाशेजारी चिखलात अण्णांची काठी सरळ उभी रोवलेली. अण्णा नाहीत.

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर त्यांच्याकडे फोन नव्हता. भाषा नव्हती. पासपोर्ट माझ्या खिशात होता. आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"अण्णा!"

"आलो."

डावीकडून. अगदी जवळून, वीस पावलांवरून. अण्णांचाच आवाज. मी तिकडे दोन पावलं टाकलीही. पायाखाली वाट नव्हती, नुसता पाला, आणि पाल्याखाली पाय आत गेला तो गुडघ्यापर्यंत. मी झाडाला धरलं.

"अण्णा, कुठं आहात?"

"आलो."

तोच सूर, तितकाच लांब. धाप नाही, खोकला नाही. माझ्या अंगावर काटा आला तो आवाजानं नाही. मला स्टँड आठवला. लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा अण्णांना गर्दीत हाक मारली आणि ते मालाखाली असले, तर ते कधीच आलो म्हणत नसत. मालाखालचा माणूस एकच शब्द बोलतो, वाट मोकळी करायचा. छातीवर दाब असतो, दुसरा निघत नाही.

मी सगळा जोर करून ओरडलो, "अण्णा, माल कुठाय?"

डावीकडे काहीच नाही. उजवीकडून, खूप खालून, धुक्यातून आलं, "बाजू! बाजू!"

मी त्या आवाजावर धावलो. दोनदा पडलो. डावीकडून मागून पुन्हा एकदा "आलो" आलं, यावेळी जरा केविलवाणं. मी वळलो नाही.

दोनेकशे पावलं उतारावर अण्णा होते. पेटी त्यांच्या मानेवर होती, एकच, तीच. पण ते असे वाकले होते जसे मी त्यांना शाळेत असताना बघितलं होतं, सिमेंटच्या गाडीच्या दिवशी. चेहरा राखेसारखा. दोन्ही हात वर पेटीला.

"अण्णा, काय झालं?"

"साठ किलो हाय," ते म्हणाले. "खाली टेकवायचा न्हाई."

"पेटी रिकामी आहे अण्णा!"

"माझी रिकामी हाय. त्याची न्हाई." ते थांबून थांबून बोलत होते. "वर एक माणूस आला. घोडा धरून. बर्फ व्हता त्याच्या अंगावर. त्यानं खांदा फुडं केला. हमालीत खांदा फुडं केला की माल द्यायचा."

"दिलात?"

"येडा का तू? त्याच्या अंगावर आधीच माल. भरल्या अंगाच्या माणसाला कुणी माल देतं का? ह्यो कुठला न्याय?" त्यांनी श्वास घेतला. "मीच म्हटलं, आण तुझा. घेतला. वरच ठिवला त्यानं. मग बसला दगडाला टेकून. लई दमलेला."

मला दुसरा माल दिसत नव्हता. मला फक्त माझा बाप दिसत होता, आणि वाट अजून तीन किलोमीटर होती. काठी वर राहिली होती. माल जमिनीला टेकवायचा नव्हता, हा नियम मीच सांगितला होता, आणि अण्णा तो मोडणार नव्हते. मोडण्यापेक्षा तिथंच मोडून पडले असते.

मी त्यांच्यापुढे गेलो, पाठ केली आणि खांदा खाली करून पुढे केला.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, खांदा पुढे केलाय मी. माझं अंग रिकामं आहे."

चुंबळ माझ्या मानेवर आली, आणि मग ते.

मी पुस्तकं वाहिलेला माणूस. माझा खांदा कच्चा, हे मान्य. पण सव्वादोन किलोची वेताची पेटी काय असते ते मला कळतं. हे ते नव्हतं. माझी हनुवटी छातीला लागली. कानात रक्त वाजायला लागलं. "पाय बघ, वर बघू नको," अण्णा शेजारून सांगत होते. "श्वास पावलावर सोड. थांबू नको." पुढे थोड्या अंतरापर्यंत छोटी घंटा आमच्या मागे येत होती. मग ती कधी थांबली ते कळलं नाही. एका वळणावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाजू." वाटेत कुणीही नव्हतं.

तोचिसाकाच्या मालाच्या घरात निवा-सान नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी दोन हातांनी पेटी माझ्या मानेवरून घेतली, अगदी सहज, आणि काट्याला लावली. सव्वादोन किलो. मी ओट्याच्या कडेला धरून उभा होतो.

त्यांनी पावती काढून वाचली. मग शिष्टाचार म्हणून विचारावं तसं विचारलं, "दगडापाशी कुणी भेटलं?"

मी सगळं सांगितलं. अण्णांना जे सांगितलं नव्हतं तेही. मग अण्णांकडे वळून दुसरा नियम, तो हरवलेला माणूस, ती परत परत वर जाणारी दोघं, सगळं मराठीत सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हे आधी सांगायचं असतं, दत्ता. मालाबरोबर असलेलं समदं सांगायचं असतं."

निवा-सान मला म्हणाले, "म्हणजे वडिलांनी माल दिला नाही."

"नाही. घेतला."

ते आत गेले आणि जाड कागदाची एक जुनी वही घेऊन आले. उभ्या ओळी, पुसट शाई. एका ओळीखाली जागा कोरी होती. त्यांनी वही अण्णांपुढे ठेवली, पण विचारलं मला, "किती नग पोचले?"

"अण्णा, किती नग पोचले म्हणून विचारतात."

"दोन," अण्णा म्हणाले. "लिव्ह म्हणावं."

निवा-साननी दोन लिहिलं. मग पावती पुन्हा बघितली. "इथं धंद्याची जागा कोरी आहे."

ओकुमुरा-साननं माझं उत्तर लिहिलंच नव्हतं.

"हमाल," मी म्हणालो. मग त्यांच्या भाषेत, "निन्सोकु. ओझी वाहणारे. चाळीस वर्षं." तोयोसुत दहा वर्षं नोकरी करून मी हा शब्द पहिल्यांदाच उच्चारत होतो. निवा-सान वाकले, मला नाही, अण्णांना. अण्णांनी आपली सही केली, मराठीत, शिरोरेघ शेवटी एकदम ओढून.

परतीच्या बसमध्ये अण्णा झोपले. शिंकान्सेनमध्ये उठले आणि त्यांनी स्टेशनवर घेतलेला डबा पूर्ण संपवला. मी त्यांना विचारलं, "अण्णा, त्याचा चेहरा कसा होता?"

"बघितला न्हाई. मालाखालच्या माणसाचा चेहरा कोण बघतं?" थोड्या वेळानं म्हणाले, "पाठ बघितली. गाठ व्हती."

घरी आल्यावर माझ्या मानेवर मोठा जांभळा डाग उठला. बायको म्हणाली, सॅकचा पट्टा घासला असेल. मी सॅक घेतलीच नव्हती. मी स्वतःलाही बरंच समजावलं. दमट हवा, उतार, भीती, वडिलांची काळजी. माणूस घाबरला की उशीही जड लागते. काटा सव्वादोन किलो दाखवत होता आणि काटा खोटं बोलत नाही, असं मी ठरवलं.

आठ दिवसांनी नारिताला अण्णांना सोडायला गेलो. माझ्या ऑफिसातलं पुण्याचं एक जोडपंही त्याच विमानानं निघालं होतं. त्यांनी नमस्कार करून विचारलं, "काका, तुम्ही एसटीत कुठल्या पोस्टला होतात?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"हमाल होते," मी म्हणालो. "आमच्या स्टँडवरचा माल चाळीस वर्षं यांच्या मानेवरून गेला."

"आणि एकदा ह्याच्या," अण्णा म्हणाले आणि हसले.

आमची पाळी आली. बॅगेचं वजन घरी करायचं राहून गेलं होतं. मी ती उचलायला वाकलो, तर अण्णांनी माझ्या आधी कडी धरली, बॅग जमिनीपासून वीतभर उचलली, जरा झुलवली आणि पट्ट्यावर ठेवली.

"बावीस," ते म्हणाले. "वर दोन पाव."

काउंटरमागच्या मुलीनं बटण दाबलं. आकडा दोनदा हलला आणि थांबला. साडेबावीस.

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. खिंडीत याच माणसानं साठ किलो सांगितले होते. बॅग पट्ट्यावरून आत गेली, रबरी पडदा तिच्यामागे हलला आणि स्थिर झाला. अण्णांचा हात सवयीनं मानेमागे गेला. माझाही.